मुलं आणि सासूबाईंना घेऊन जायचंय: जुने अवशेष असलेला, वरून तलाव दिसणारा सोपा गड कोणता?

कोथरूडकर_आई

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस घरच्या सगळ्यांनी मिळून गडावर जायचं ठरलंय. सगळे म्हणजे आम्ही दोघं, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा आणि सासूबाई, वय सदुसष्ट. सासूबाई रोज सकाळी म्हातोबाच्या टेकडीवर जातात, चढायला घाबरत नाहीत, पण उतरताना उजवा गुडघा दुखतो.

सिंहगड सगळ्यांचा झालाय. या वेळी काहीतरी खरोखर जुनं बघायला मिळावं असं वाटतं. लेणी, टाकी, दरवाजे, असं काही. आणि मुलीची अट आहे की वरून तलाव दिसला पाहिजे. शिडी किंवा दोर धरून चढायचा कातळ नको. संध्याकाळी घरी परत.

सोसायटीतल्या मुलांनी यंदाच्या किल्ल्यावर आइस्क्रीमचा डबा पुरून तळं केलंय. तेव्हापासून धाकट्याने एकच प्रश्न लावून धरलाय: खऱ्या किल्ल्यावर पाणी कोण चढवतं, तिथे तर पंप नाही. त्याला उत्तर दिसेल अशी जागा असेल तर फारच छान. पवनेच्या बाजूला बरेच गड आहेत एवढंच माहीत आहे. कोणता निवडावा?

सह्यवाट

तिकोना. डोळे झाकून तिकोना.

कोथरूडहून तुम्हाला चांदणी चौक, पिरंगुट, पौड, कोळवण, हाडशी, जवण असं तिकोना पेठेला जाता येतं, हायवेच्या गर्दीत शिरायचीच गरज नाही. वाट मळलेली आहे, लहान गड आहे. वाटेत चपेटदान मारुती लागतो, पायाखाली राक्षसी असलेली मोठी मूर्ती आहे, मुलं तिथे हमखास थांबतात. पुढे कातळात कोरलेली गुहा, तिच्यात तुळजाईचं देऊळ, समोर पाण्याचं टाकं. चुन्याचा घाणा आहे, त्याचं दगडी चाक अजून तिथेच पडलेलं आहे. बालेकिल्ल्यावर महादेवाचं मंदिर. आणि पवनेचं पाणी पायाशी पसरलेलं दिसतं, समोर तुंग किल्ला. जुने अवशेष आणि तलाव दोन्ही एका ठिकाणी इतकं जवळून दुसरीकडे कुठे दिसणार नाही.

शेवटच्या पायऱ्या उभ्या आहेत, पण शिडी नाही.

मावळची_लेक

ताई, तुमच्या धाकट्याचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. माझं माहेर कामशेतजवळचं, आता निगडीला राहते. पवन मावळातले हे गड लहानपणापासून पायाखालचे आहेत, आणि माझ्या मुलांनाही मी तिथेच चालायला शिकवलं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर या भागात दगडात कोरून ठेवलेलं आहे.

आधी सह्यवाट यांच्या उत्तराबद्दल. तिकोना सुंदर आहे, त्यांनी सांगितलेलं सगळं तिथे आहे. पण बालेकिल्ल्याच्या त्या पायऱ्या गुडघाभर उंचीच्या आहेत आणि एका सरळ रेषेत वर जातात. चढताना मुलं मजेत चढतात. उतरताना सहा वर्षांच्या मुलाचा पाय खालच्या पायरीपर्यंत पोचत नाही, त्याला बसून घसरत यावं लागतं, आणि त्याच वेळी खालून चढणारी माणसं असतात. ज्यांचा गुडघा उतारावर दुखतो त्यांना तर मी त्या पायऱ्या मुळीच सुचवणार नाही. तुमच्या घरच्या पाच जणांनी एकत्र शेवटपर्यंत जायचं असेल तर माझं उत्तर: सकाळी भाजे लेणी, मग लोहगड. दोन्ही एकाच वाटेवर.

गाडीने येणार असाल तर बायपासने देहूरोड, मग जुन्या हायवेने तळेगाव, कामशेत, कार्ला फाटा. फाट्यावर उजवीकडे एकवीरेकडे जातात, तुम्ही डावीकडे मळवलीला वळायचं. एक्सप्रेसवे ओलांडला की भाजे गाव. लोकलने यायचं असेल तर लोणावळा लोकलने मळवलीला उतरा, तिथून भाजे चालत अर्ध्या तासाच्या आत. मुलांना लोकलच जास्त आवडेल, पण दुपारी लोकलमध्ये मोठा खंड पडतो. परतीची गाडी आधी बघून ठेवा.

लेण्यांपर्यंत बांधलेल्या पायऱ्या आहेत. सासूबाई दोनदा थांबून आरामात येतील. तिकीट पुरातत्त्व खात्याचं आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

आता बघायचं काय. मोठी कमान असलेलं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, लगेच दिसतं. ही लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात खोदायला सुरुवात झाली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या आणि आपल्या काळात जेवढं अंतर आहे, त्याच्या कितीतरी पट मागे. आत गेल्यावर मुलीला खांबांकडे नीट बघायला सांगा. ते सरळ उभे नाहीत, वर जाताना आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी घरात छताचा दाब बाहेर ढकलतो म्हणून खांब आत कलते ठेवत. इथे कातळाला कसलाही दाब नाही, तरी कारागिरांनी दगडात लाकडी घर जसंच्या तसं उभं केलं. मग वर बघा. छताच्या कमानींना ज्या फासळ्या आहेत त्या दगडाच्या नाहीत, खऱ्या सागवानाच्या आहेत आणि अजून जागेवर आहेत. त्यांच्यावर ब्राह्मीतली अक्षरंही सापडली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड डोक्यावर आहे हे मुलांना कळलं की ती आपोआप हळू बोलतात, सांगावं लागत नाही.

बाहेर थोडं पुढे चौदा लहान स्तूपांचा समूह आहे, काही आत, काही उघड्यावर. इथे राहून गेलेल्या भिक्षूंच्या स्मरणार्थ ते कोरलेले आहेत, काहींवर नावंही आहेत. दक्षिणेकडच्या शेवटच्या विहारात, म्हणजे भिक्षूंच्या राहायच्या लेण्यात, भिंतीवर रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं आहेत, आणि एक बाई दोन उभ्या वाद्यांवर हात ठेवून वाजवतेय, शेजारी दुसरी नाचतेय. तुमच्याकडे कुणी तबला शिकत असेल तर इथे वेळ जाईल.

आणि आता धाकट्यासाठी. लेण्यांच्या बाजूला कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, बरेच लोक त्यांच्याकडे न बघता पुढे जातात. त्यातल्या एका टाक्याजवळ लेख आहे: कोसिकीपुत्र विण्हुदत्त नावाच्या महारठीने, म्हणजे त्या काळच्या सरदाराने, हे टाकं दान दिलं. म्हणजे देऊळ नाही, मूर्ती नाही, पाणी साठवायची जागा कोरून देणं हे पुण्याचं काम. इथून जवळच बेडसे लेणी आहेत. तिथेही टाक्यावर लेख आहे आणि तिथे दान देणारी बाई आहे, सामडिनिका नावाची महारठिणी. बेडशाच्या वाटेवर मी लहानपणी आईबरोबर जायचे. पाण्यासाठी काही करून ठेवणाऱ्या एका बाईचं नाव आमच्याच डोंगरात कोरलेलं आहे, हे मला फार मोठेपणी कळलं, आणि तेव्हापासून मी भेटेल त्या मुलीला ते सांगते.

पाणी कोण चढवतं? कुणीच नाही. ते वरूनच येतं. आपला सह्याद्री बेसॉल्टचा आहे. जिथे कातळ अखंड आहे, भेग नाही, तिथे पाणी जिरत नाही. अशी जागा हेरून टाकं खोदायचं. उतारावरून वाहणारं पाणी पन्हळी कोरून टाक्याकडे वळवायचं. पुष्कळ टाक्यांचं तोंड लहान आणि पोट आत कातळात गेलेलं असतं, त्यामुळे ऊन लागत नाही आणि पाणी कमी उडतं. गडावर तर खोदताना निघालेला दगडही वाया जात नसे, त्याच्याच भिंती आणि बुरूज. लोणावळ्याकडे वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत. उरलेले आठ महिने ज्याला तो धरून ठेवता आला तोच डोंगरावर राहिला, भिक्षू असो की शिबंदी, म्हणजे गडावरचे शिपाई.

लेण्यांतून खाली आलात की लोहगड. भाज्यातून गायमुख खिंडीपर्यंत आणि तिथून लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते. रस्ता वळणाचा आणि चढाचा आहे, चालवणारा सवयीचा असावा. वाडीपासून वर पूर्ण वाट पायऱ्यांची आहे, रुंद पायऱ्या, बाजूला कठडा. तुमच्या वेगाने तास धरा. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक येतात, आणि वाट अशी वळवळत जाते की प्रत्येक वळणावर वरच्या बुरुजावरून तुम्ही दिसता. मुलाला म्हणावं, आता तू शत्रू आहेस, कुठून कुठून तुझ्यावर मारा होईल सांग. नारायण दरवाज्यापाशी भात आणि नाचणी साठवायची भुयारं आहेत, ती चुकवू नका.

वर सपाटी आहे. नाना फडणवीसांच्या काळातलं म्हणून सांगतात ते सोळा कोनांचं मोठं तळं आहे. धाकट्याला आधी तिथे न्या, आइस्क्रीमच्या डब्याचं थोरलं रूप बघायला मिळेल. नाना १८०० साली वारले, त्यानंतर त्यांच्या पत्नी जिऊबाई काही काळ याच गडावर राहिल्या होत्या. मग दक्षिणेच्या कड्याच्या बाजूला या, कडेपासून आत राहून. खाली पवना. पाण्यापलीकडे तुंगाचा सुळका, डावीकडे तिकोना, पाठीशी विसापूर किल्ला. दिवाळीत धरण भरलेलं असतं आणि पठारावर सोनकी थोडीफार शिल्लक असते. मुलीची अट इथे पूर्ण होते.

विंचूकाटा, म्हणजे गडाची लांब अरुंद माची, वरून बघून समाधान माना. तिच्यावर उतरायला खडकांतून वाट आहे आणि परत चढावं लागतं. सासूबाई आणि धाकटा यांच्यासाठी ती नको. मुलगी आणि बाबा जाऊन येऊ शकतात, बाकीच्यांनी तळ्यापाशी बसावं.

कोथरूडकर_आई

मावळची_लेक ताई, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. घरी मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या सामडिनिकेचं टाकं बघायला वेगळं जायचं.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, लोहगडावर पण इतकी जुनी लेणी आहेत का, की किल्ला फक्त शिवकालीन? मुलीला शाळेत प्रकल्प आहे, ती विचारतेय. दोन, उतरून पवनेच्या पाण्याजवळ जाता येईल का? मुलांना पाण्यात पाय सोडून बसायचं आहे.

सह्यवाट

पायऱ्यांबद्दल ताईंचं बरोबर आहे. लहान मुलांबरोबर उतरायचा विचार मी केला नव्हता. तरी ज्यांना बालेकिल्ल्यावर जायचं नाही त्यांनी तिकोन्याला तुळजाईच्या गुहेपाशी थांबावं, तिथून पुढे बाकीच्यांनी जाऊन यावं, असंही करता येतं. गुहेत गारवा असतो आणि समोर पाणी. आजींना ती जागा आवडेल.

शाळेच्या प्रकल्पासाठी: १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी जे तेवीस किल्ले मुघलांना दिले त्यांत लोहगड आणि तिकोना दोन्ही होते, आणि १६७० मध्ये लोहगड परत स्वराज्यात आला. आणि ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यांत लोहगड आहे. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. मुलीला बाकीच्या किल्ल्यांची नावं शोधायला लावा.

मावळची_लेक

मुलीला सांगा, गड शिवकाळापेक्षा खूप जुना आहे. लोहगडाच्या कातळात लेणी आणि टाकी आहेत, आणि २०१९ मध्ये इथल्या एका लेण्यात ब्राह्मी लिपीतला लेख सापडला, तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या किंवा पहिल्या शतकातला मानतात. त्याची सुरुवात अरिहंतांना नमस्कार करून होते, म्हणजे तो जैन लेख आहे. त्यात इदरखित नावाच्या माणसाच्या दानाचा उल्लेख आहे आणि त्या दानातही पाण्याची सोय आहे. आमच्या कामशेतजवळ पाले गावाच्या लेण्यात याच नावाच्या माणसाचा असाच लेख आहे, तो १९६९ मध्ये सांकलिया आणि शोभना गोखले या अभ्यासकांनी पुढे आणला. म्हणजे बौद्ध भाज्यात, जैन लोहगडाला आणि पाल्याला, नंतर गडावर शिबंदीसाठी, सगळे एकच काम करत होते. प्रकल्पाला एवढा विषय पुरेल. लोहगडाचं ते लेणं मात्र नेहमीच्या पायऱ्यांच्या वाटेवर लागत नाही. मुलांना घेऊन कड्याच्या बाजूने शोधत फिरू नका.

आता पाण्याजवळ जाण्याबद्दल. यावर मी स्पष्ट लिहिते, कारण मी तिथली आहे. पवनेच्या पाण्यात उतरू नका, पायसुद्धा सोडू नका.

तो तलाव नाही, धरण आहे. काठ दिसायला उथळ वाटतो, पण खाली जुनी भातखाचरं आहेत. खाचरं म्हणजे पायरीपायरीची जमीन. दोन पावलं गुडघाभर पाणी आणि तिसऱ्या पावलाला बांध संपून एकदम खोल. वर गाळ, पाय रुततो. दर वर्षी इथे माणसं बुडतात, चांगली पोहणारी तरुण मुलं बुडतात. काठावर तंबू टाकून राहणाऱ्यांना हे माहीत नसतं. गावातली माणसं ओरडून सांगतात, ती उगीच अडवत नाहीत.

माझ्या आत्याच्या सासरची जमीन या पाण्याखाली आहे. ती काठावर उभी राहिली की अजून बोटाने दाखवते, तिथे आमचा बांध होता, तिथे आंबा होता. धरणात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठायला लागलं आणि गावं उठली. वाघेश्वराचं हेमाडपंती देऊळही तेव्हापासून पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ते बाहेर येतं, लोक दर्शनाला जातात, आणि पावसाळ्यात पुन्हा बुडतं. दिवाळीत तुम्हाला ते दिसणार नाही. वरून पाण्याकडे बघताना मुलांना एवढं नक्की सांगा की या निळ्याखाली गावं आहेत आणि एक जुनं देऊळ आहे. जुने अवशेष फक्त गडावरच नाहीत.

धरणात साधारण साडेआठ टीएमसी पाणी मावतं. ते नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलतात, निगडीला शुद्ध करतात आणि ते माझ्या घरच्या नळाला येतं. तुमच्या कोथरूडला खडकवासल्याचं पाणी, पण गोष्ट तीच. धाकट्याला हे पटलं तर त्याचा प्रश्न विण्हुदत्ताच्या टाक्यापासून तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळापर्यंत पोचेल.

पाय सोडून बसण्याची हौस इंद्रायणीच्या किंवा आणखी कुठल्या पाण्यातही भागवू नका. त्यापेक्षा लोहगडवाडीत कुणाच्या तरी अंगणात बादलीभर गार पाणी पायावर घ्या. मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

टेकडीवरचे_काका

मी बहात्तर वर्षांचा. सासूबाईंसाठी लिहितो.

गुडघा उतरताना दुखत असेल तर एक नाही, दोन काठ्या घ्याव्यात. उतरताना काठी आधी खालच्या पायरीवर, मग दुखरा पाय, मग चांगला. चढताना उलट, चांगला पाय आधी. घरच्या जिन्यावर चार दिवस सराव केला की अंगवळणी पडतं. गुडघ्याला पट्टा बांधायचा तर वर पोचल्यावर सैल करावा, उतरायच्या आधी परत आवळावा. बूट नवे नकोत.

लोहगडावर माकडं आहेत. प्लास्टिकची पिशवी हातात दिसली की ती ओढतात. खाऊ पाठपिशवीत बंद, आणि मुलांनी हातात बिस्किट धरून चालू नये. कड्यांना आग्या मोहोळ असतं. अंगाला अत्तर, सेंट लावू नये, फटाके तर गडावर कुणी नेऊच नयेत, धूर करू नये. मधमाश्या उठल्याच तर हात न हलवता डोकं चेहरा झाकून तिथून दूर निघायचं.

आणि ताईंनी सांगितलेलं टाक्याचं पाणी बघण्यासाठी आहे. प्यायला प्रत्येकी किमान दोन लिटर घरून न्यावं. दिवाळीत ऊन चांगलंच लागतं आणि पायऱ्यांवर सावली नाही.

कोथरूडकर_आई

काका, फार उपयोगी. सासूबाईंनी लगेच जिन्यावर करून बघितलं.

पाण्याचं कळलं, तिकडे जाणार नाही. मुलांना कारणही सांगितलं आणि त्यांना ते समजलं.

शेवटचं. भाज्याला किती वाजता पोचावं? दोन्ही एका दिवसात करताना सासूबाईंची दमछाक होईल का? आणि जेवणाचं काय, डबा न्यावा की तिथे मिळेल?

मावळची_लेक

घरून सहाला निघा. भाज्याच्या पायऱ्यांवर ऊन चढायच्या आत असायला हवं. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी तिथे छान सावली असते. लेण्यांत घाई करू नका, दीड तास द्या. गडावर सगळेच जातात आणि लेणी पंधरा मिनिटांत उरकतात, मला ते फार लागतं. मुलांना वही द्या, चैत्यगृहासमोर बसून एक कमान काढू द्या. कुणीही भिंतीवर नाव कोरताना दिसलं तर गोड शब्दांत पण अडवा.

सासूबाईंची दमछाक होईल असं वाटत असेल तर त्यांना गडावर महादरवाज्यापर्यंतच न्या. त्याच्या आत शिरल्याबरोबर बसायला जागा आहे आणि वारा आहे. त्यांना चढवण्यापेक्षा उतरायला जास्त वेळ ठेवा. दोननंतर वर थांबू नका. गणेश दरवाज्याच्या खालच्या पायऱ्या गुळगुळीत झाल्या आहेत, तिथे एकाने पुढे राहावं.

सुट्टीच्या आठवड्यातला शनिवार आणि रविवार टाळा, भाज्यापासून वरपर्यंत गाड्यांची रांग लागते आणि वाडीतल्या लोकांना स्वतःच्या दारात गाडी वळवता येत नाही. भाऊबीज झाल्यावरचा एखादा कामाचा दिवस घ्या. पुढे कधी पावसाळ्यात यायचं मनात आलं तर निघण्याआधी जिल्हा प्रशासनाचा आदेश बघा. गर्दी आणि अपघातांमुळे मावळातल्या या जागांवर तेव्हा बंदी किंवा वेळेची मर्यादा घातली जाते.

डबा नेऊ नका, फक्त मुलांसाठी चिक्की आणि काकडी असू द्या. लोहगडवाडीत घरोघरी जेवण करून देतात. गड चढायच्या आधी सांगून ठेवा, किती माणसं आणि साधारण कधी उतराल. पिठलं, तांदळाची नाहीतर ज्वारीची भाकरी, ठेचा, आणि मुलांसाठी वरणभात म्हणून सांगितलं तर तोही. इंद्रायणी तांदूळ आमच्याकडचा, गरम भाताचा वास ओटीवरच येतो. पैसे रोख ठेवा, वर मोबाइलला रेंज जाते येते. स्वच्छतागृहाची सोयही वाडीतच बघून घ्या, पायऱ्यांच्या वाटेवर काही नाही.

बेडशाला जायचं ठरलं की इथेच लिहा. लेणं पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून तिथे मात्र भल्या सकाळी उन्हातच जायचं. कोवळं ऊन थेट खांबांवर येतं आणि वरचे घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेल्या जोड्या स्पष्ट दिसतात. मी कामशेतला असेन तर सासूबाईंना सामडिनिकेचं टाकं मी स्वतः दाखवेन.

कोथरूडकर_आई

ठरलं. भाऊबीजेनंतरचा मंगळवार, भाजे आणि लोहगड. बेडसे डिसेंबरमध्ये, तुम्हाला आठवडाभर आधी कळवते.